पुन्हा ताटात मासे



मांस-मच्छी सोडणारा माणूस ते चारचौघांत सांगतो. लग्नाच्या पंगतीत, ऑफिसच्या डब्याशी, पाहुण्यांकडे ताट वाढण्याआधी सांगतो. ऐकणारेही मान डोलावतात. तोच माणूस बऱ्याच वर्षांनी पुन्हा खायला लागला की मात्र गप्प होतो. परगावच्या खाणावळीत जेवतो, घरी कळू देत नाही, शेजाऱ्यांच्या नाकाला फोडणीचा वास जाऊ नये म्हणून खिडकी लावून घेतो. अशी पुष्कळ माणसं मला माहीत आहेत. मीही बरीच वर्षं शाकाहारी राहून पुन्हा मासे खायला लागले आहे, तेव्हा आज या गप्प बसलेल्यांच्या वतीने चार गोष्टी बोलाव्यात असं मनात आहे.

सोडणं आणि पुन्हा धरणं आपल्याला काही नवं नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारी घरं गावोगाव आहेत. श्रावण लागला की पाटा-वरवंट्यापासून तव्यापर्यंत सगळं घासून-पुसून घेतलं जातं आणि महिना संपला की त्याच तव्यावर पुन्हा बांगडा भाजला जातो. गणपतीला मोदकाचा नैवेद्य दाखवणाऱ्या कोकणातल्या काही घरांत गौरीला तिखटा नैवेद्य लागतो. यात कुणाला लपवण्यासारखं काही वाटत नाही, कारण इथे सोडायचं केव्हा आणि धरायचं केव्हा ते पंचांग ठरवतं. मनाला पटलं म्हणून सोडलेल्या माणसाचं तसं नसतं. त्याचा श्रावण संपवायला तिथी येत नाही. तो त्याचा त्यालाच संपवावा लागतो.

माळेची गोष्ट आणखी वेगळी. तुळशीची माळ घातलेला वारकरी मांसाहार सोडतो ते पांडुरंगाला साक्ष ठेवून. आमच्या घरी आजोबा माळकरी होते. त्यांचं ताट, वाटी, पातेलं वेगळ्या फळीवर असे आणि त्या फळीला माशाच्या हाताने कुणी शिवत नसे. बाकी घर मासे खात होतं आणि आजोबा त्याच स्वयंपाकघरात, त्याच वेळी, आपली डाळ-भाकरी जेवत होते. एकमेकांना न टोचता दोन चुली एका घरात कशा चालतात ते मी तिथे पाहिलं. माळ उतरवण्याबद्दल मी आज काही बोलणार नाही. तो ज्याच्या-त्याच्या भक्तीचा प्रश्न आहे आणि त्यावर मत द्यायचा मला अधिकार नाही.

मी सोडलं ते कोंबड्यांमुळे. कॉलेजसाठी कोल्हापूरला होते तेव्हा सकाळी मोटारसायकली जाताना दिसायच्या. दोन्ही बाजूंना पाय बांधलेल्या, डोकी खाली लोंबणाऱ्या कोंबड्या. त्या जिवंत असत आणि मान वर उचलायची धडपड करत असत. ब्रॉयलर कोंबडी जेमतेम सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास वाढते आणि तिथेच तिचं आयुष्य संपतं, हे पुढे वाचलं. तेवढ्या दिवसांत तिला पायाखाली माती अशी लागतच नाही. आधी कोंबडी सोडली, मग मटण, मग अंडी आणि शेवटी मासेही. मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मुलीने मासे सोडणं ही आमच्याकडे साधी बाब नव्हती. पण त्या मोटारसायकलीवरच्या कोंबडीबद्दल जे वाटलं ते खरं होतं आणि आज ताटात मासा असतानाही ते तितकंच खरं आहे.

आता शरीराचं. पुन्हा सुरू करणारे बहुतेक जण बी-12चं नाव घेतात, म्हणून त्याबद्दल जरा नीट सांगते. हे जीवनसत्त्व वनस्पती तयार करत नाहीत आणि प्राणीही करत नाहीत. ते करतात फक्त सूक्ष्म जिवाणू. गाई-म्हशींच्या पोटातले जिवाणू ते बनवतात, म्हणून ते दुधात आणि मांसात उतरतं. समुद्रातून ते माशांत आणि शिंपल्यांत येतं, आणि आपल्या तिसऱ्यांत तर ते भरपूर असतं. माणसाला रोज लागतं ते दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे नखावर दिसणारही नाही इतकं. शरीर त्याचा साठा यकृतात करून ठेवतं आणि तो साठा काही वर्षं पुरतो. त्यामुळे सोडल्यावर लगेच काही होत नाही. माणूस म्हणतो, मला तर काही त्रास नाही. मग हळूहळू तळपायाला मुंग्या येतात, जीभ लाल होऊन हुळहुळते, जिना चढताना दम लागतो, विसरायला होतं. पालेभाज्या आणि कडधान्यांतून फोलेट भरपूर मिळत असेल तर रक्तातली कमतरता झाकलीही जाते आणि मज्जातंतूंचं नुकसान आत चालूच राहतं. म्हणून थकवा वाढत्या वयावर किंवा कामावर ढकलण्याआधी रक्त तपासून घ्यावं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. त्या बायांमध्ये बी-12ची कमतरता किती पसरलेली आहे ते त्यातून पुढे आलं आणि आईच्या कमतरतेचा पोटातल्या बाळाच्या पुढच्या आरोग्याशी काय संबंध लागतो याचा शोध त्यांनी चिकाटीने घेतला. या कामाबद्दल मला फार आदर आहे. आपल्या घरातल्या बायांच्या थकव्याकडे कुणीतरी इतक्या बारकाईने पाहिलं.

पण या सगळ्यावरून मांस खाल्लंच पाहिजे असं ठरत नाही. बी-12ची गोळी जिवाणूंकडूनच तयार करून घेतात. ती घेऊन माणूस जन्मभर शाकाहारी राहू शकतो. लोहाचंही जवळपास तसंच. मांसातलं लोह शरीर जास्त सहज उचलतं, हे खरं. पण उसळीवर लिंबू पिळलं, आवळा खाल्ला आणि जेवणाला लागून चहा घेतला नाही, तर भाजीतलं लोहही चांगलं मिळतं. काही जणांना आजारपणामुळे डॉक्टर स्पष्ट सांगतात, तो भाग निराळा. दलाई लामांनी 1960च्या दशकात मांस सोडलं होतं. त्यांना कावीळ झाली, डॉक्टरांनी पुन्हा मांस घ्यायला सांगितलं आणि त्यांनी ते घेतलं. हे त्यांनी स्वतः उघडपणे सांगितलेलं आहे. मला डॉक्टरांनी तसं काही सांगितलं नव्हतं. माझं बी-12 गोळ्यांनी भरून निघालं. म्हणून मी पुन्हा मासे खायला लागले त्याचं कारण रक्ताच्या रिपोर्टावर टाकत नाही आणि ज्यांना गोळी पुरते त्यांनीही टाकू नये असं मला वाटतं.

शब्द दिलेला असला तर काय, हा प्रश्न मात्र उरतो. इथे गांधीजींची आठवण येते. त्यांनी 1912मध्ये दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर हर्मन कॅलनबाख यांच्यासोबत दूध सोडलं. गाई-म्हशींकडून दूध काढून घेण्यासाठी जे क्रूर प्रकार होतात ते त्यांच्या वाचनात आले होते. पुढे 1918मध्ये खेडा जिल्ह्यात हिंडताना त्यांना अतिसाराने इतकं घेरलं की आपण जगत नाही असं त्यांना वाटलं. मुंबईत डॉ. दलालांनी निक्षून सांगितलं की दूध घेतल्याशिवाय अंग भरून यायचं नाही. गांधीजींनी प्रतिज्ञा सांगितली, तिचं कारण सांगितलं. कस्तुरबा खाटेशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, मग शेळीच्या दुधाला तर हरकत नसावी. डॉक्टरांनी तो धागा पकडला आणि गांधीजींनी शेळीचं दूध घेतलं. प्रतिज्ञा करताना मनात गाय आणि म्हैस होती, पण अर्थ सगळ्याच दुधाचा होता, हे त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवलं आहे. प्रतिज्ञेची अक्षरं पाळली आणि तिचा प्राण गेला, हे त्यांना पुढेही सलत राहिलं.

मला या प्रसंगात दोघंही आपापल्या जागी बरोबर वाटतात. कस्तुरबांना समोर झिजत चाललेला माणूस दिसत होता. त्यांनी वाट काढली आणि ती काढणं हे प्रेमाचंच काम होतं. गांधीजींनी दूध घेतलं पण त्याला शाब्दिक कसरतीचं पांघरूण घातलं नाही. पुन्हा वळणाऱ्या माणसाने दोन्ही घ्यावं. गरज असेल तर घास घ्यावा, आणि काय सोडलं होतं, का सोडलं होतं, ते विसरू नये.

माझं वळण आलं ते मी परत गावी राहायला आले तेव्हा. शहरात असताना भाजी कुठून येते हे मनात येत नसे. इथे रोज दिसायला लागलं. आमच्या बाजारातली कोबी, फ्लॉवर, टोमॅटो बेळगावहून आंबोली घाट उतरून ट्रकने येतात नाहीतर कोल्हापूरकडून. घाटात दरड कोसळली की भाजी नाही. आणि घराच्या खाली, हाकेच्या अंतरावर, सकाळी रापण लागलेली असते. होडी जाळं टाकत अर्धगोल फिरून परत किनाऱ्याला येते आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या माणसं वाळूत पाय रोवून ओढतात. म्हातारेही ओढतात, शाळेत जायच्या आधी पोरंही. आलेले मासे वाटे घालून वाटले जातात. ते पाहिल्यावर मला वाटायला लागलं की माझ्या मनात जी कणव कोंबडीसाठी होती, ती या किनाऱ्याच्या जगण्यापासून मला दूर ठेवण्यासाठी नव्हती.

याचा अर्थ समुद्रातलं सगळं आता चालतं, असा मी घेत नाही. यांत्रिक पर्ससीन जाळी माशांचे थवेच्या थवे घेरून उचलतात, मग रापणीत काय यायचं? रात्री एलईडीचे झोत टाकून मासे गोळा करायचे आणि सगळे उपसायचे, हा तर समुद्र रिकामा करण्याचाच प्रकार. महाराष्ट्राने 5 फेब्रुवारी 2016च्या अधिसूचनेने पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने 2017मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी आणली, तरी आमच्याकडे यावरून भांडणं चालूच आहेत. 2023मध्ये राज्याने पापलेटला राज्य मासा केलं. पापलेटची पिल्लं वाचावीत म्हणून सातपाटीचे मच्छीमार कितीतरी वर्षं ओरडत होते, त्यांच्या ओरडण्याला त्यातून थोडं बळ आलं. तळहाताएवढंही न झालेलं पापलेट बाजारात वाट्याला लावलेलं दिसलं की मी विकणाऱ्या बाईशी भांडत नाही, तिचं पोट त्यावर आहे. मी घेत नाही, एवढंच. शाकाहाराच्या वर्षांनी मला प्रत्येक घासाला विचारायला शिकवलं की तू आलास कुठून. तो प्रश्न मी मासे खायला लागल्यावर सोडलेला नाही. कोंबडी मी आजही खात नाही.

ज्यांना पुन्हा सुरू करायचं आहे त्यांच्या मनात एक भीती असते की पोटाला आता मांस पचायचं नाही. डाळीतली प्रथिनं आणि माशातली प्रथिनं पोट एकाच पाचकरसांनी फोडतं, ते रस कुठे जात नाहीत. मसाल्याने आणि तेलाने त्रास होऊ शकतो, म्हणून पहिल्यांदा झणझणीत कोंबडी-वडे किंवा तांबडा रस्सा नको. हळद-मीठ लावलेला एखादा तुकडा, पातळ कढी आणि भात पुरे. मनाला मात्र जास्त वेळ लागतो आणि तो द्यावा.

घरातल्या माणसांना माझी विनंती आहे. परत आलेल्याभोवती टाळ्या पिटू नका. ‘मग, आली ना शुद्धीवर?’ असं म्हणू नका. एवढी वर्षं त्याने जे जपलं ते तुम्ही एका वाक्यात मातीत घालता. माझ्या आईने तसं केलं नाही. मी जेवायला बसले तेव्हा बांगड्याच्या तिखल्याचं पातेलं तिच्या हाताशी होतं, तिरफळांचा वास सुटला होता. तिने फक्त विचारलं, ‘वाढू काय गो?’ मी हो म्हटलं. तिने एक तुकडा वाढला आणि बाबांना भात हवा का ते विचारायला वळली. त्या साध्या विचारण्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

माझा भाचा बंगळूरला असतो आणि तो गेल्या वर्षी व्हीगन झाला. दूध, तूप, मधही नाही. सुट्टीत आला तेव्हा घरात थोडी कुजबुज झाली की आता मावशीच त्याला माशांवर आणील. मी त्याच्यासाठी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या केल्या, नारळाच्या रसाची सोलकढी केली. आजोबांची फळी अजून भिंतीवर आहे. तिच्यावर त्याचं पातेलं वेगळं ठेवलं आणि माझ्या सुक्या बांगड्यांचा डबा पडवीत नेला. जायच्या आदल्या दिवशी त्याला एकच गोष्ट विचारली, बी-12ची गोळी चालू आहे ना. नव्हती. ती आम्ही त्याच दिवशी बाजारातून आणली.