माहिती विपुल, पण जबाबदारी कोणाची?

(अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षेप)



कोणत्याही उपकरणाची जोडणी इंटरनेटवर क्षणात सापडत असताना हौशी इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकांची आता गरज काय, असे विचारले जाते. वरकरणी हा प्रश्न तंत्रविद्येचा आहे. वस्तुतः तो ज्ञानाच्या मालकीचा आणि वाटपाचा आहे. म्हणूनच तो आपलाही आहे.

युगोस्लाव्हियाचे उदाहरण घ्या. १९८०च्या दशकाच्या प्रारंभी आयातीवरील निर्बंधांमुळे तेथे घरगुती संगणक सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होता. वोया अँतोनिच यांनी स्वस्त संगणकाची रचना केली. पडद्यावर चित्र उमटवणारा महागडा स्वतंत्र भाग त्यांनी वगळला आणि ते काम झेड-८० या मुख्य प्रोसेसरकडूनच करून घेतले. ही रचना त्यांनी गुप्त ठेवली नाही. देयान रिस्तानोविच यांच्या सहकार्याने ती ‘गलाक्सिया’ मासिकाच्या १९८३-८४च्या हिवाळ्यातील विशेषांकात प्रसिद्ध झाली. हजारो वाचकांनी तो संगणक जुळवला. बेलग्रेड रेडिओ त्यासाठीचे प्रोग्रॅम ध्वनिरूपाने प्रक्षेपित करी आणि श्रोते ते कॅसेटवर टिपून घेत.

एका अंकाने हजारो माणसांना एकाच वेळी एकाच कामाला लावले. विखुरलेल्या माहितीला हे सहसा साधत नाही.

अर्थात, इंटरनेटचे ऋण नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या गावात मासिक कधी पोचले नाही, तेथील मुलालाही आज जगातील जाणत्यांना शंका विचारता येते. तथापि अर्थशास्त्राचा एक साधा नियम येथेही लागू पडतो. माहितीची प्रत काढण्याचा खर्च शून्यावर आला, तरी ती पारखण्याचा खर्च शून्य होत नाही. तो फक्त दुसऱ्याच्या माथी बसतो. मासिकात हा भार संपादक उचलतो: रचना तपासून घेतो, चूक झाल्यास पुढील अंकात शुद्धिपत्र देतो. फुकट माहितीच्या बाजारात तोच भार नवशिक्यावर पडतो, आणि जळालेल्या सुट्या भागांची किंमत त्याच्याच खिशातून जाते. श्रीमंताच्या मुलाला हे परवडते. आयटीआयमधील विद्यार्थ्याला नाही.

मासिक आणि इंटरनेट हे एकमेकांचे वैरी मात्र नव्हेत. २०१५ साली ब्रिटनमधील ‘मॅगपाय’ मासिकाने छापील अंकासोबत ‘रास्पबेरी पाय झीरो’ हा छोटा संगणकच मोफत दिला. त्याच मासिकाचे अंक इंटरनेटवरही विनामूल्य उपलब्ध होते.

कागद टिकतो की नाही, हा म्हणूनच दुय्यम मुद्दा आहे. तपासणीची जबाबदारी घेणारी संस्था टिकते की नाही, हा खरा मुद्दा. आपल्या वाचनालयांनी अशा एका तरी मासिकाची वर्गणी भरावी, शेजारी एक टेबल आणि सोल्डरिंग आयर्न ठेवावे, आणि त्यातील मजकूर मराठीतून समजावून सांगणारा एक कार्यकर्ता तेथे बसावा. यंत्र उघडून पाहण्याचे धैर्य ज्याच्या अंगी येते, तो यंत्राच्या मालकालाही प्रश्न विचारू लागतो.