दोरी, दम आणि यती

दोरीवरच्या उड्या हा आपल्याकडे मुलींचा खेळ समजला जातो. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की घरातलं कुणीतरी म्हणतं, 'आता पुरे.' मग ती दोरी कपडे वाळत घालायच्या कामी येते. पुढं पन्नाशीत तीच बाई दोन जिने चढून धापा टाकते. तिला मैदान नसतं, पहाटे एकटीनं फिरायला जाणं घरच्यांना पटत नाही, व्यायामशाळेची फी परवडत नाही. अशा बाईला गच्चीच्या कोपऱ्यात करता येईल असा हा व्यायाम आहे. मी तो पन्नाशीनंतर पुन्हा सुरू केला, म्हणून चार गोष्टी सांगते.

आधी दोरीविषयी. सुती दोरी हलकी असते. वेग कमी झाला की हवेतच ढिली पडते. पोलादी तारेची झपाट्यानं फिरते, पण नवख्याच्या पायाला लागली तर वळ उठतो. सुरुवातीला थोडं वजन असलेली प्लॅस्टिकची किंवा मण्यांची दोरी बरी. मण्यांची दोरी जमिनीला टेकताना 'टक्' असा आवाज होतो, त्यावर पावलं ताल धरतात. माप सोपं आहे. दोरीच्या मधोमध एक पाय ठेवून दोन्ही मुठी वर ओढाव्यात. त्या काखेपर्यंत आल्या की दोरी आपल्या उंचीची. जास्त लांब असेल तर मुठीजवळ गाठ मारावी.

उडी इंचभर उंच पुरे. दोरी खांद्यानं नव्हे, मनगटानं फिरवावी. चवड्यांवर अलगद उतरावं. पायात बूट हवेत आणि कडक फरशीवर जाड चटई. ओढणी, पदर नीट खोचून घ्यावा.

आता दमाविषयी. पहिल्याच दिवशी शंभर उड्यांची ईर्षा नको. २० सेकंद उड्या, ४० सेकंद विश्रांती, अशा दहा फेऱ्या. दहा मिनिटं झाली. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. दर आठवड्याला उड्यांची वेळ पाच सेकंदांनी वाढवावी आणि विश्रांती तेवढीच कमी करावी. विश्रांतीत एक पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, तर आणखी थांबावं. पोटऱ्या दुखत असतील तर तोच आठवडा पुन्हा करावा. श्वास लवकर सुधारतो. टाचेमागच्या शिरेला मात्र बळ यायला वेळ लागतो. दम आला म्हणून घाई केली की पाय दुखावतात.

कविता लिहिणारी माणसं यतीला मान देतात. ओळीत थांबायच्या जागी थांबलं नाही, तर पुढचे शब्द फरफटत येतात. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या बायकांनी हात आणि श्वास असेच एकमेकांना जोडून घेतले होते. ते ४० सेकंद वाया जात नाहीत. दम तिथंच मुरतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम करावा. उड्या जोरकस व्यायामात मोडतात. उरलेला वेळ चालून भरता येतो. उपवास असो की रोजा, तहानलेल्या अंगानं मात्र दोरी हाती घेऊ नये.

आणखी एक गोष्ट बायका एकमेकींनाही सांगत नाहीत. बाळंतपणं झालेल्या अनेकींना उडी मारताना लघवीचे थेंब सुटतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. डॉक्टरांना सांगावं, त्या स्नायूंचे वेगळे व्यायाम असतात, त्यांनी पुष्कळ फरक पडतो. गुडघे, हाडांचा ठिसूळपणा, रक्तदाब किंवा हृदयाची तक्रार असेल, छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टर, मग दोरी.

आणि घरात मुलगी असेल तर दोन दोऱ्या आणा. तिचं माप वेगळं, आपलं वेगळं.