सेतुबंधाचा कर्ता कोण?



लॅटिन ग्रंथकार ऑगस्टिन इसवी सन 430 मध्यें वारला. त्याचीं 29 अज्ञात पत्रें 1981 सालीं प्रसिद्ध झालीं, आणि त्याच्या चरित्राकडे विद्वान् नव्यानें पाहूं लागले. त्याच पांचव्या शतकांत आपल्या विदर्भांतहि एक ग्रंथकार होऊन गेला. त्याची ओळख पटविण्यास मात्र पोथीइतकाच ताम्रपट उपयोगीं पडला.

'सेतुबंध' हें महाराष्ट्री प्राकृतांतील पंधरा आश्वासांचें महाकाव्य. दंडीनें महाराष्ट्रीची थोरवी सांगतांना त्याचाच दाखला दिला. बाणभट्टानें प्रवरसेनाची कीर्ति गायिली. 1880 सालीं जर्मन पंडित गोल्डश्मिट यांनीं तें छापून काढलें. पण हा प्रवरसेन कोणता? राजतरंगिणींत काश्मीरचा एक प्रवरसेन आहे. त्यानें वितस्तेवर पूल बांधल्याची कथाहि तेथें आहे. नांव जुळलें, सेतूहि जुळला! मग काय, काव्य त्याच्या पदरांत पडलें. मीहि एका जुन्या टिपणाच्या आधारें कित्येक वर्षें वर्गांत हेंच सांगितलें. मी पडलों मॅट्रिक. छापील मजकुरावर संशय घेण्याची मला संवय नव्हती.

आतां आपल्या चांदा जिल्ह्याकडे या. वरोरा तालुक्यांतील वडगांव येथें वाकाटक नृपति द्वितीय प्रवरसेन याचा ताम्रपट मिळाला. हिरण्या नदीच्या कांठच्या मुक्कामावरून दिलेलें तें दानपत्र आहे. (इरईच्या कांठीं उभा राहिलों कीं हीच ती हिरण्या, असें मला उगीच वाटतें.) त्यांत काव्याचा उल्लेख नाहीं, हें प्रथमच सांगून टाकतों. परंतु वाकाटकांच्या लेखांतून या राजाची वंशावळ हातीं आली. त्याची आई प्रभावतीगुप्ता ही द्वितीय चंद्रगुप्ताची कन्या. इकडे अकबरकालीन टीकाकार रामदास सांगतो कीं, विक्रमादित्याच्या आज्ञेवरून कालिदासानें प्रवरसेनासाठीं हें काव्य रचलें. विक्रमादित्य म्हणजे मातामह चंद्रगुप्त असें धरलें, तर या दंतकथेला पाय फुटतात. 'भरतचरित' काव्यांत तर सेतुकर्त्यास कुंतलेश म्हटलें आहे, आणि कुंतल देश दक्षिणेंतला! शिवाय नव्या राजानें आरंभिलेल्या व पुढें दोष काढून शुद्ध केलेल्या रचनेची गोष्ट काव्यारंभींच येते. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं हे सारे धागे एकत्र आणले. त्यांचा वाकाटक लेखसंग्रह 1963 सालीं निघाला.

एक अडचण उरते. ताम्रपटांत हा राजा परममाहेश्वर, शंभूचा भक्त. काव्यांत मात्र विष्णूचा अवतार राम. आई रामगिरिस्वामीची भक्त होती, तिच्या संस्कारानें राजानें हा विषय निवडला, असें मिराशी म्हणतात. हें उत्तर मला गोड वाटतें, पुरेसें वाटत नाहीं. राजधानीचेंहि तसेंच. मिराशींनीं प्रवरपूर पवनारास मानलें. 1997 नंतर मनसरच्या उत्खननांत मोठें शिवमंदिर निघालें आणि कांहीं संशोधकांनीं तें नगर तिकडे नेलें.

माझ्या शाळेच्या टिपणवहींतला 'काश्मीर' हा शब्द मीं खोडला आहे. तेथें 'विदर्भ' लिहिलें, आणि पुढें पेन्सिलीनें बारीकसें प्रश्नचिन्ह ठेविलें आहे.