बिनशाईची सही

मराठेशाहींतील कित्येक पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ अशा अक्षरांचा एक लहानसा शिक्का उमटविलेला आढळतो. पत्राची मर्यादा येथें संपली; याच्याखालीं कोणी एखादी ओळ वाढविली तर ती पाठविणाऱ्याची नव्हे, असा त्याचा अर्थ. ज्या पाटलास लिहितां येत नसे तो कागदावर नांगराची निशाणी करी. या दोन चिन्हांचीं कामें मात्र निराळीं होतीं. कागद कोणाला मान्य आहे, हें नांगर सांगे. काय मान्य आहे, हें मोर्तब सांगे. संगणकावरील दस्तऐवजांवर हल्लीं ज्या सह्या होतात त्यांची पारख करतांना हींच दोन कामें ध्यानांत धरावीं लागतात. कारण पुष्कळ सुशिक्षित घरांतूनही जिला सही समजलें जातें तिच्याकडून यांपैकीं एकही काम होत नाहीं.

समजा, वडिलांच्या पश्चात् तीन भावंडांत पुण्याचें एक घर सामाईक आहे. थोरला भाऊ तेथेंच राहतो, धाकटा नागपुरास, आणि बहीण अमेरिकेंत न्यू जर्सीस असते. घराच्या दुरुस्तीचा खर्च कोणीं किती सोसावयाचा आणि वरच्या मजल्याचें भाडें कसें वांटावयाचें, याचा मसुदा तिघांमध्यें फिरूं लागतो. थोरला आपल्या सहीचें छायाचित्र मोबाइलवर घेऊन तें मसुद्याच्या तळाशीं चिकटवितो; बहीण नुसतें नांव टंकून पाठविते; धाकटा ‘मान्य’ एवढेंच ईमेलनें कळवितो. दोन वर्षांनीं रकमेवरून वाद निघाला आणि प्रत्येकापाशीं मसुद्याची निराळी प्रत निघाली, तर खरी कोणती मानावयाची?

असा करार केवळ शाईची सही नाहीं म्हणून रद्दबातल होतो, ही समजूत चुकीची आहे. १८७२ च्या करार कायद्यास बहुतेक करारांकरितां सहीची गरजच नाहीं. तोंडी करारही करारच असतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्यांत २००८ च्या दुरुस्तीनें घातलेलें कलम १०-अ असें सांगतें कीं, करार इलेक्ट्रॉनिक मार्गानें झाला एवढ्याच कारणावरून तो निरुपयोगी समजतां येत नाहीं. अडचण आहे ती पुराव्याची. चिकटविलेलें चित्र कोणीही उचलून दुसऱ्या कागदावर डकवूं शकतो, आणि वरच्या मजकुरांतील आंकडा बदलला तरी तें चित्र निमूटपणें जागच्या जागीं राहतें. तें नांगरही नव्हे आणि मोर्तबही नव्हे.

कायद्यानें जिला डिजिटल स्वाक्षरी म्हटलें आहे ती वस्तु अगदींच वेगळी आहे. तिची मूळ कल्पना डिफी आणि हेलमन या दोघां संशोधकांनीं १९७६ सालीं प्रसिद्ध केली, व पुढच्याच वर्षीं रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनीं ती व्यवहारी गणितांत उतरविली. सही करणाऱ्यापाशीं किल्ल्यांची एक जोडी असते. एक गुप्त, दुसरी जाहीर. संगणक प्रथम सबंध मजकुराचा एक गणिती सारांश काढतो. एसएचए-२५६ या प्रचलित रीतीनें तो लिहिला असतां ६४ अंकाक्षरांचा होतो, मग मजकूर एक ओळीचा असो वा हजार पानांचा. मजकुरांतील एक स्वल्पविराम हलला तरी हा सारांश ओळखूं येऊं नये इतका पालटतो. गुप्त किल्ली या सारांशावर चालवून जें निष्पन्न होतें तीच सही. जाहीर किल्लीनें ती कोणासही पडताळतां येते, पण बनवितां येत नाहीं. अर्थात् ही सही दर कागदागणिक निराळी असते. जाहीर किल्ली अमक्याचीच आहे, याची ग्वाही केंद्र सरकारच्या नियंत्रकाचा परवाना असलेल्या प्रमाणन संस्था ओळख पटवून देतात. २०१५ पासून आधार क्रमांकावरूनही सही करतां येते: मोबाइलवर आलेला ओटीपी दिला कीं त्या एका सहीपुरती किल्ली निर्माण होते, वापरली जाते आणि नष्ट केली जाते. न्यू जर्सीच्या बहिणीची पंचाईत होते ती येथें. आधारशीं जोडलेला तिचा भारतांतील मोबाइल क्रमांक बंद पडला असेल, तर ओटीपी यावयाचा कोठून?

एकाच कागदावर तिघांच्या सह्या असल्या तर दुसरीनें पहिली मोडते काय? पीडीएफ दस्तऐवजांत पहिल्या सहीपर्यंतचा भाग जसाच्या तसा राखून पुढची भर त्याच्यामागें जोडली जाते. म्हणून प्रत्येक सही आपापल्या वेळेपर्यंतच्या मजकुराचें मोर्तब असते. मसुदा पुरता ठरल्यावांचून पहिली सही होऊं देऊं नये, हें मात्र खरें. सह्या चालू असतां ‘एवढा एक शब्द बदलूं या’ म्हणणारा आप्त प्रत्येक कुटुंबांत असतोच.

यंत्र इतकें चोख असतां घोटाळा होतो तो माणसाच्या हातून. गुप्त किल्ली ज्या टोकनांत असते तें टोकन सांकेतिक शब्दासह हिशेबनिसाच्या खणांत ठेवून देण्याची चाल व्यापारी मंडळींत सर्रास आहे. कोऱ्या धनादेशांवर सह्या करून पुस्तक दुसऱ्याच्या हवालीं करण्यासारखेंच हें आहे. कायद्याचें कलम ४२ किल्ली जपण्याचा भार धारकावर टाकतें; ती परक्या हातीं गेली तर प्रमाणन संस्थेस तसें कळवीपर्यंतची जबाबदारीही त्याचीच. दुसऱ्याची सही लबाडीनें वापरणारास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे, पण त्यानें गेलेली रक्कम परत येतेच असें नाहीं.

दुसरी खोड छापून ठेवण्याची. डिजिटल सही असलेला दस्तऐवज छापला कीं कागदावर नांव आणि तारीख उरते. सही संगणकांतच राहते. मूळ फाइल पुसून छापील प्रत कपाटांत जपणें म्हणजे दागिना विकून त्याचें चित्र ठेवणें होय. पडद्यावर सहीपाशीं प्रश्नचिन्ह दिसलें म्हणजे सही बनावट, असेंही नव्हे. पुष्कळदां त्या संगणकास भारतीय नियंत्रकाच्या मूळ प्रमाणपत्राची ओळख करून दिलेली नसते, इतकेंच.

न्यायालयांत सुरक्षित इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीस एक मोठा लाभ मिळतो: ती धारकानेंच मान्यतेच्या हेतूनें केली, असें उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरलें जातें. परंतु प्रत दाखल करण्याची रीत सांभाळावी लागते. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून झालेल्या खटल्यांत वाद होता तो चित्रमुद्रणाच्या प्रतींचा. तेथें सर्वोच्च न्यायालयानें १४ जुलै २०२० रोजीं असा निर्णय दिला कीं, मूळ यंत्रच पुढें आणलें नसेल तर प्रतीबरोबर विहित प्रमाणपत्र हवेंच. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमानें त्या प्रमाणपत्रांत वर सांगितलेला गणिती सारांश नमूद करावयास लाविलें आहे.

कांहीं कागद मात्र या रीतीच्या बाहेरच ठेवलेले आहेत. मृत्युपत्र आणि न्यासपत्र यांना माहिती तंत्रज्ञान कायदा लागू नाहीं. वडिलांनीं मृत्युपत्रावर ओटीपीनें सही केली तर १९२५ च्या वारसा कायद्यापुढें तिचा उपयोग नाहीं. तेथें कागदावरची सही आणि दोन साक्षीदारच लागतात. स्थावराच्या विक्रीचे करार सप्टेंबर २०२२ मध्यें या वगळलेल्या यादींतून काढले गेले, तथापि नोंदणी आणि मुद्रांक शुल्क यांतून सुटका झालेली नाहीं. खाजगी कुलमुखत्यारपत्र अजूनही त्या यादींतच आहे. तेव्हां बहिणीनें घरांतील आपला हिस्सा भावांस सोडून देण्याचें ठरविलें आणि त्याकरितां येतां येत नसेल, तर तिनें तेथील भारतीय वकिलातींत किंवा नोटरीसमोर जाऊन शाईनेंच कुलमुखत्यारपत्र करून पाठवावें. आणि तो कागद महाराष्ट्रांत पोंचल्यापासून तीन महिन्यांच्या आंत भावांनीं त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावें.