बावनगजाचा गज केवढा?



मध्य प्रदेशात बडवानीजवळ सातपुड्याच्या कड्यात कोरलेली भगवान आदिनाथांची मूर्ती ८४ फूट, म्हणजे सुमारे २५.६ मीटर उंच आहे. तीर्थाचे नाव मात्र बावनगजा. कापडाच्या दुकानातील गज, अर्थात वार, तीन फुटांचा. त्या हिशेबाने मूर्ती १५६ फूट, जवळजवळ साडेसत्तेचाळीस मीटर व्हावयास हवी. अकबराच्या इलाही गजाची इंग्रजी अमलात ठरलेली ३३ इंच लांबी घेतली, तरी १४३ फूट होतात. मग नाव खोटे की माप?

दोन्ही खरी आहेत. ८४ फुटांचे १००८ इंच होतात. (जिनसहस्रनामाची आठवण करून देणारा हा आकडा निव्वळ योगायोग होय, मूर्तिकाराला इंच ठाऊकच नव्हता.) त्यास ५२ ने भागले की १९.४ इंच, सुमारे ४९ सेंटिमीटर येतात. हा वार नव्हे, हात आहे: कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर. येथे ‘गज’ म्हणजे हात असावा, असेच गणित सांगते.

एक इंच म्हणजे नेमके २.५४ सेंटिमीटर; तेथे वादाला जागा नाही. अडचण गुणाकाराची नसून मूळ एकक ओळखण्याची आहे, आणि आगमांतील मापांत ती फार मोठी होते. २४ अंगुलांचा हात, ४ हातांचे धनुष्य, २००० धनुष्यांचा कोस, ४ कोसांचे योजन हे कोष्टक सर्वपरिचित आहे. १८ इंची हात धरल्यास योजन सुमारे १४.६ किलोमीटरचे येते. पण अंगुल कोणते? ‘तिलोयपण्णत्ती’त तीन अंगुले सांगितली आहेत. जीवांच्या देहाची उंची उत्सेधांगुलाने मोजावयाची. द्वीप, समुद्र, पर्वत प्रमाणांगुलाने, आणि ते उत्सेधांगुलाच्या ५०० पट. भांडी, रथ, घरे इत्यादी त्या त्या काळच्या मनुष्यांच्या आत्मांगुलाने. जंबूद्वीपाच्या एक लक्ष योजनांना सरळ १४.६ ने गुणणारा पाठशाळेतील विद्यार्थी म्हणूनच ५०० पटींनी उणे उत्तर काढतो, आणि त्याचा गुणाकार तर अचूक असतो!

फलकावर वा पुस्तकात मीटर अवश्य लिहावेत, परंतु मूळ आकडा व एकक पुसू नये. कोणता हात, कोणते अंगुल धरले तेही नोंदवावे. बावनगजासाठी एवढी एक ओळ पुरे: ५२ गज (गज म्हणजे सुमारे ४९ सेंटिमीटरचा हात), ८४ फूट, २५.६ मीटर.