गिझर घेताना आधी घर बघा

मैत्रिणींनो, थंडी आली की गटात गिझरसाठी कर्जाचे अर्ज येतात. गिझर जरूर घ्या, पण आधी घराची वायरिंग दाखवून घ्या. बिनटाकीचा विजेचा गिझर बहुधा ३ किलोवॅटचा, १३ अँपिअर ओढणारा. जुनी वायर तापते. टाकीचा बहुधा २ किलोवॅटचा. त्यात तापवलेलं पाणी लाईट गेली तरी काही तास गरम राहतं. भारनियमनाच्या गावात तोच बरा. अर्थिंग दोन्हींना हवंच.

गॅसचा घेतलात तर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. बंद न्हाणीत विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो. माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतं. म्हणून सांगते, अर्जात किमतीसोबत अर्थिंगचा आणि बसवणाऱ्याचा खर्चही धरा.