गल्ल्यावर बसलेलं स्वातंत्र्य

(युवक शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



बास्केटबॉलचा विषय इथं कशाला, असं कुणी विचारील. कारण सरळ आहे. तोंड उघडायचा हक्क आणि मालकाचा धंदा यांची टक्कर झाली की काय होतं, हे तिथं उघडंनागडं दिसलं. ते आपण नीट बघितलं पाहिजे.

अमेरिकेतली एनबीए ही बास्केटबॉलची जगातली सगळ्यात मोठी लीग. खेळाडू बहुसंख्य काळे, संघांचे मालक बहुतेक गोरे. आणि परदेशातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक चीन. २०१९ साली तिथल्या टेन्सेंट कंपनीशी सामने दाखवण्याचा पाच वर्षांचा करार झाला, सुमारे १५० कोटी डॉलरचा. हा आकडा ध्यानात ठेवा. पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं.

त्याच वर्षी जूनपासून हाँगकाँगची पोरं रस्त्यावर होती. आरोपींना चीनच्या मुख्य भूमीवरच्या कोर्टांकडे सोपवायचा कायदा येऊ घातला होता, त्याच्याविरुद्ध. अश्रुधूर, लाठ्या, अटका चालू होत्या. ४ ऑक्टोबरला ह्यूस्टन रॉकेट्स संघाचा जनरल मॅनेजर डॅरिल मोरी यानं ट्विटरवर एक चित्र टाकलं. स्वातंत्र्यासाठी लढा, हाँगकाँगच्या पाठीशी उभे राहा, एवढाच मजकूर. थोड्या वेळात पुसूनही टाकलं. ट्विटर तर चीनमध्ये बंदच! तरी बीजिंगचं पित्त खवळलं.

चिनी बास्केटबॉल संघटनेनं रॉकेट्सशी संबंध तोडले. तिचा तेव्हाचा अध्यक्ष याओ मिंग, जो आयुष्यभर रॉकेट्सकडूनच एनबीए खेळला. रॉकेट्सच्या मालकानं जाहीर केलं, मोरी आमच्या वतीनं बोलत नाही. लीगनं दोन पत्रकं काढली. इंग्रजीत चीनच्या लोकांचं मन दुखावलं हे खेदजनक, असा मोघम सूर. चिनी भाषेत मात्र मोरीच्या अनुचित बोलण्यानं आम्ही अत्यंत निराश झालो आहोत, असा शब्द. एकच तोंड, दोन जिभा. गिऱ्हाईक बघून माल बदलणारा दुकानदार आपण बघितलाय. इथं माल म्हणजे स्वातंत्र्य होतं.

अमेरिकेत बोंब झाली, तेव्हा आयुक्त ॲडम सिल्व्हर सरळ बोलायला लागला. मोरीनं मत मांडलं त्याबद्दल आम्ही माफी मागणार नाही, म्हणाला. चीनच्या सरकारी सीसीटीव्हीचं उत्तर आलं: सार्वभौमत्व आणि सामाजिक स्थैर्याला आव्हान देणारं बोलणं अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसतच नाही. आणि सामने बंद! वर्षभर, २०२० च्या ऑक्टोबरपर्यंत, सीसीटीव्हीनं एनबीए दाखवली नाही. नुकसान ४० कोटी डॉलरपर्यंत जाईल, असा अंदाज सिल्व्हरनं दिला. मोरीची नोकरी गेली नाही, हेही खरं. जे केलं ते केलं म्हणू.

पण खालच्या पायरीवर काय झालं? ८ ऑक्टोबरला फिलाडेल्फियात एका चिनी संघाशी सामना होता. हाँगकाँगच्या बाजूचे फलक घेऊन बसलेल्या नवरा-बायकोला प्रेक्षागारातून बाहेर काढलं. अमेरिकेत! जपानमध्ये एका वार्ताहर बाईनं रॉकेट्सच्या खेळाडूंना याच विषयावर प्रश्न विचारला, तर संघाच्या माणसानं तिला मधेच गप्प केलं. लीगनं मागाहून माफी मागितली. हुकूम कुणी लेखी दिला होता का? गरज नसते दोस्तहो. गल्ला कुठं आहे हे समजलेला नोकर न सांगता दार लावतो.

आता आपल्याला बोचणारी गोष्ट. १४ ऑक्टोबरला लेब्रॉन जेम्स म्हणाला की मोरीला या विषयाची नीट माहिती नव्हती. हा तोच लेब्रॉन, ज्यानं २०१४ साली पोलिसांच्या हातून मेलेल्या एरिक गार्नरचे शेवटचे शब्द छातीवर घालून सराव केला होता. ब्लॅक पँथरकडे बघून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्या नात्यानं काळा माणूस आपला भाऊ. म्हणूनच त्याला विचारायचं: तुझा श्वास कोंडला तेव्हा जग बोललं पाहिजे आणि दुसऱ्याचा कोंडला की माहिती अपुरी, हा कुठला न्याय?

पण लेब्रॉनला शिव्या देणाऱ्या सगळ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही. २०१६ साली कॉलिन केपर्निक राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसला. २०१७ पासून अमेरिकन फुटबॉलच्या एकाही संघानं त्याला घेतलं नाही. तेव्हा टाळ्या पिटणारे कित्येक जण २०१९ मध्ये हाँगकाँगसाठी गळा काढत होते. साला, दुसऱ्याच्या घरातलं स्वातंत्र्य नेहमीच स्वस्त पडतं.

२०२० साली ऑर्लँडोत लीगनं कोर्टावर ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर रंगवलं. खेळाडूंच्या पाठीवर घोषणा आल्या, त्याही मंजूर यादीतल्या, २९. घोषणेला मंजुरी! २६ ऑगस्टला मिलवॉकी बक्सच्या पोरांनी जेकब ब्लेकवरच्या पोलिसी गोळीबाराच्या निषेधात सामनाच खेळायचं नाकारलं. ती कुणाच्या यादीत नव्हती. म्हणून ती खरी. २०२१ मध्ये एनिस कँटर तिबेटच्या बाजूचे बूट घालून उतरला. टेन्सेंटनं त्याच्या बोस्टन सेल्टिक्सचे सामने काढून टाकले. २०२२ च्या फेब्रुवारीत त्याला रॉकेट्सकडे धाडलं, त्यांनी सोडून दिलं. कारण खेळ की तोंड, यावर वाद आहे. पण बाकीच्या पोरांनी काय धडा घेतला असेल?

२०२५ च्या ऑक्टोबरात एनबीए मकाऊला सामने खेळून आली. धंदा जागेवर. आणि २०२० च्या सुरक्षा कायद्यानंतर हाँगकाँगमध्ये घोषणेलाही तुरुंग आहे.

तेव्हा माझं म्हणणं असं. मालकाच्या भल्या मनावर सोडलेलं स्वातंत्र्य बाजारभावानं चालतं. ज्या घोषणेचं बिल येत नाही ती भिंतीवर रंगवतात, जिचं बिल येतं ती खेदजनक ठरते. म्हणून खेळाडूंच्या युनियननं हे करारात लिहून घेतलं पाहिजे: मैदानाबाहेरच्या मताबद्दल कुणावर कारवाई नाही, सरकार कुठलंही रागावो. पत्रक प्रत्येक भाषेत एकच. फलक घेऊन बसलेल्या प्रेक्षकाला हात नाही. आणि नुकसान झालं तर ते मालकाच्या नफ्यातून, खेळाडूच्या पगारातून नाही.

तुम्ही कारखान्यात असा, ऑफिसात असा की कॉलेजात, हाच हिशेब लावून बघा. तुमची कुठली घोषणा मालक खुशीनं चालवून घेतो आणि कुठली ऐकून त्याचा चेहरा पडतो? दुसरी ओळखा. ती एकट्यानं देऊ नका, मिळून द्या.

जय भीम.